मोकळी केलेली जागा

“बिनधास्त उतरा, मामा,” असं मी फोनवर म्हणाले, तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कप होता आणि अर्धं लक्ष टीव्हीकडं होतं.

पेडगावला मामांच्या विहिरीतल्या मोटारीची केबल पाण्याजवळच जळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री येणार होता आणि दोघं मिळून खाली उतरून जोड मारणार होते. मामांना एकच गोष्ट विचारायची होती.

“जय भीम, बाई. उद्या आमी हिरीत उतरायलोत. तुझं ते कुलूप टाकलं की मंग मधीच लाईट आली तरी मोटार चालू होत न्हाई ना?”

“नाही होत, मामा. कुलूप टाका आणि बिनधास्त उतरा.”

ती पेटी मी बनवली होती, असं मामा सगळ्या गावाला सांगायचे. खरं तर पेटी पुण्यातल्या एका लहान कंपनीची होती आणि तिच्यात चालणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मी परभणीला आईवडिलांच्या घरी राहून त्या कंपनीचं काम करते. ही पेटी शेतातल्या मोटारीला लावतात. मोबाईलवरून मेसेज पाठवला की मोटार चालू होते, मेसेज पाठवला की बंद होते. ‘ऑटो’वर ठेवली तर लाईट आल्याबरोबर स्वतःच चालू होते, म्हणजे लाईटची वाट बघत शेतात बसावं लागत नाही. आणि ‘कुलूप’ असा मेसेज पाठवला तर पेटीवर तांबडा दिवा लागतो. मग कुलूप काढेपर्यंत काहीही झालं तरी मोटार चालू व्हायला नको. विहिरीत माणूस उतरतो तेव्हासाठीच ती सोय होती. गंजलेला मेन स्विच पाडायचा, त्यातून उडणाऱ्या ठिणग्या बघायच्या, हे सगळं टळतं म्हणून शेतकऱ्यांना ती आवडायची. मामांनाही आवडली होती.

आता या प्रोग्रामबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यातल्या एका ओळीमुळं झालं.

पेटीतल्या चिपची मेमरी फार थोडी असते. मेसेज आला की त्याच्यासाठी मेमरीत जागा मागायची, मेसेज तिथं ठेवायचा, वाचायचा, आणि काम झालं की जागा मोकळी करून परत द्यायची. परत द्यायला विसरलं तर जागा भरत जाते आणि एक दिवस पेटी जागच्या जागी थिजते. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये नेमकं तेच व्हायचं. आठ-दहा दिवसांनी पेट्या बंद पडायच्या. मी आठवडाभर शोधलं आणि एक ओळ घातली: मेसेज वाचून झाला की त्याची जागा मोकळी कर. पेट्या बंद पडायच्या थांबल्या. पुण्याहून मालकांनी फोन करून शाबासकी दिली. ती गोष्ट दिवाळीच्या आधीची.

ऐन हिवाळ्यात पालमच्या एका शेतकऱ्याची तक्रार आली. कुलूप असताना मोटार चालू झाली, असं त्याचं म्हणणं होतं. मी घरच्या पेटीवर तीन दिवस तपासलं. कुलूप टाकलं, काढलं, लाईट घालवली, आणली. एकदाही चुकलं नाही. शेवटी मी तक्रारीसमोर ‘चूक आढळली नाही’ असं लिहिलं आणि ती बंद केली. त्याने कुलूप टाकलंच नसेल, असं मला मनातून वाटत होतं. तसं लिहिलं नाही, पण वाटत होतं.

मामांच्या फोननंतरची सकाळ. मी टेबलाशी बसले होते. टेबलावर तपासणीची पेटी असते, तिला मोटारीच्या जागी साधा बल्ब जोडलेला असतो. त्या पेटीतल्या सिमची मुदत आदल्या दिवशी संपली होती, म्हणून मी आईच्या जुन्या फोनमधलं सिम काढून तिच्यात घातलं होतं. सवयीप्रमाणे कुलूप टाकलं. तांबडा दिवा लागला. मी दुसऱ्या कामाला लागले.

थोड्या वेळानं सहज बघितलं तर दिवा विझलेला होता.

आधी वाटलं दिवाच गेला. लॅपटॉपवर पेटीच्या मेमरीत काय आहे ते उघडून बघितलं. ‘कुलूप’ हा मेसेज मेमरीत एक या आकड्याने ठेवला जातो, कुलपाच्या जागी तो आकडा असायला हवा होता. तिथं एक अक्षर होतं. आजूबाजूची अक्षरं जुळवत गेले, तेव्हा ती सिम कंपनीची जाहिरात निघाली. रिचार्ज करा, रोज अमुक इतका डेटा मिळवा. माझ्या कुलपाच्या जागेवर रिचार्जची जाहिरात येऊन बसली होती.

मला समजायला फार वेळ लागला नाही. कुलूप लागलं आहे की नाही, हे मी वेगळं लिहून ठेवलंच नव्हतं. मी फक्त पॉइंटर ठेवला होता, म्हणजे पत्ता. ‘कुलूप’ असं सांगणारा मेसेज मेमरीत कुठं आहे, त्याचा पत्ता. दर वेळी त्या पत्त्यावर जाऊन बघायचं, तिथं एक असेल तर कुलूप आहे, दुसरं काहीही असेल तर नाही. जागा मोकळी करायची ओळ घातली नव्हती तोवर तो मेसेज तिथंच पडून असायचा, म्हणून सगळं बरोबर चालायचं. ओळ घातल्यावर ती जागा माझी राहिली नव्हती. पत्ता मात्र माझ्याजवळ तसाच होता. मोकळ्या जागेतही जुनी अक्षरं काही काळ तशीच राहतात, त्यामुळं तपासणीत कधी चुकलं नाही. पुढचा मेसेज येऊन त्याच जागेवर बसला तरच कुलूप उघडायचं. आणि माझ्या तपासणीच्या सिमवर जाहिराती येतच नव्हत्या.

शेतातल्या सिमवर त्या रोज येतात.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या आठवड्यात पेडगावला लाईट पावणेअकराला यायची.

मी मामांना फोन लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. परत लावला. मग पेटीला ‘ऑटो बंद’ असा मेसेज पाठवला. लाईट नसली तरी पेटी आतल्या बॅटरीवर मेसेज घेते आणि मिळाल्याचं उत्तर देते, ते आलं नाही. लाईट नसली की तिकडचा टॉवरही कधी चालतो, कधी नाही. मग मामींना फोन लावला. त्या गावात घरी होत्या.

“मामी, मामा कुठं आहेत?”

“हिरीत उतरलेत की. मिस्त्री आलाय सकाळी. काहून गं?”

“मामी, मला सगळं सांगायला वेळ नाही. तुम्ही शेतात जा. पेटीशेजारचा मेन स्विच खाली पाडा. आणि त्यांना वर यायला सांगा.”

“कुलूप टाकलंय म्हणले ते.”

“ते कुलूप चालत नाही, मामी.”

“निघाले मी,” त्या म्हणाल्या. शेत गावापासून पाऊण तासाच्या चालीवर आहे आणि मामींचा गुडघा दुखतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी स्कूटी काढली. वडील दारात पेपर वाचत होते, त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तोवर मी रस्त्याला लागले होते. रस्ता मला फारसा आठवत नाही. एक ट्रॅक्टर ऊस भरून चालला होता आणि त्याच्या मागं मी अडकले होते, तेवढं आठवतं. बाजूला जायला जागा नव्हती आणि मी हॉर्न वाजवत होते. खाली मामा कसे उभे असतील, ते मला दिसत होतं. विहिरीत एका अंगाला दगडाची पायरी आहे, तिच्यावर उभं राहिलं की पाणी गुडघ्यापर्यंत येतं. जोड मारायचा म्हणजे केबलच्या तिन्ही तारा सोलाव्या लागतात. सोललेल्या तारा हातात, पाय पाण्यात. मी मनातल्या मनात प्रोग्रामच्या ओळी वाचत होते, त्यात काहीतरी असं असेल की ज्यामुळं हे होणार नाही, म्हणून. तसं काही नव्हतं.

रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागले. हरभऱ्याच्या कडेनं गाडी पुढं जाईना, म्हणून तिथंच टाकली आणि बांधावरून पळत सुटले. विहिरीजवळ पत्र्याची खोली आहे, पेटी तिथं असते. खोलीच्या दारावर एक बल्ब कायम लावलेला असतो, लाईट आली की तो लागतो आणि लांबून कळतं.

मी अर्ध्या वाटेवर असताना तो बल्ब लागला.

लाईट आली की पेटी लगेच मोटार चालू करत नाही. दाब स्थिर व्हावा म्हणून ती तीस सेकंद थांबते. ते तीस सेकंद मीच लिहिले होते. मी पळता पळता मोजायला लागले. ओरडलेही, पण माझा आवाज त्या दिवशी मलाच ऐकू आला नाही. ढेकळांत पाय मुरगळला. पंचवीसपर्यंत मोजल्याचं आठवतं. खोलीच्या दारात पोचले आणि आतून ‘खट्’ असा आवाज आला.

तो आवाज मी हजार वेळा ऐकला आहे. पेटीतला स्विच आत ओढला गेला की तसा आवाज होतो. मग ती घुमायला लागते. पेटीवरचा तांबडा दिवा विझलेला होता आणि हिरवा लागलेला होता. मोटार चालू, असं पेटी सांगत होती.

मी मेन स्विच दोन्ही हातांनी खाली ओढला. घुमणं थांबलं. त्यानंतर मी जागची हलले नाही. विहीर तिथून वीस पावलांवर होती आणि मला तिकडं जायचं नव्हतं. मी जोवर बघत नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग विहिरीतून खोकल्याचा आवाज आला.

मी काठावर जाऊन वाकले. मामा पायरीवर उभे होते, गुडघाभर पाण्यात, हातात काळी केबल. शेजारी मिस्त्री तारांना पट्टी गुंडाळत होता. मामांनी वर बघितलं.

“आगं, तू? कवा आलीस?”

मी काठावरच बसले. मामा घाईनं वर आले, त्यांच्या मागून मिस्त्री. मिस्त्री परभणीचाच, साठीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणतात. मी जे झालं ते तुटक तुटक सांगितलं. कुलूप उघडलं होतं, मोटार चालू झाली होती, मी आवाज ऐकला.

“झालीच असंल चालू,” चाचा शांतपणे म्हणाला. “आमाला काय कळणार. वायरी मी सोडून ठिवल्या हायत.”

तो मला खोलीत घेऊन गेला आणि पेटीचं खालचं झाकण उघडून दाखवलं. मोटारीकडं जाणाऱ्या तिन्ही वायरी त्याने पेटीतून काढल्या होत्या, टोकांना पट्टी लावून बाजूला वाकवून ठेवल्या होत्या. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून तीन स्क्रू काढून तळहातावर दाखवले.

“हे वर येईपर्यंत माझ्याच खिशात. मालक म्हणाले, कुलूप हाय, भाचीनं बनवलंय. मी म्हणलं असू द्या. पेटी कोणाचीबी असो, हिरीत मी उतरतो. मंग भरोसा मी कशाला ठिवू?”

तो हे मला लागावं म्हणून बोलला नाही. पण मामांनी मान खाली घातली आणि मी पण.

मामी पोचल्या तेव्हा आम्ही तिघं खोलीच्या सावलीत बसलो होतो. त्या मामांना डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिल्या आणि मग माझ्याशेजारी बसून गुडघा चोळायला लागल्या.

मामांना ते नीट समजून घ्यायचं होतं. “म्हंजी ते कुलूप खोटं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खोटं नव्हतं. समजा, शाळेत एका पोरीच्या पाटीवर मी माझं गणित लिहिलं, आणि कुठल्या पाटीवर लिहिलं ते लक्षात ठेवलं. पाटी परत दिली. तिने पुसून दुसरं काही लिहिलं. मी मात्र तीच पाटी बघून उत्तर सांगत राहिले. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाकीच्यांकडं बी हीच पेटी हाय का?”

हा प्रश्न मी स्वतःला तोवर विचारला नव्हता. माझी भीती तोवर एकाच विहिरीएवढी होती.

मी तिथूनच पुण्याला मालकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “सोमवारपर्यंत दुरुस्त करून टाक. तोवर शेतकऱ्यांना काही बोलू नकोस, उगाच घबराट होईल.” तो गुरुवार होता. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग पेट्यांची यादी उघडली. एकूण एकतीस पेट्या होत्या, सगळ्या आपल्याच जिल्ह्यात. नोकरी जाईल, हे मला कळत होतं. पण त्या घडीला ती भीती दुसरीच्या मानानं बारकी होती.

हरभऱ्याच्या कडेला बसून मी एकेकाला फोन लावत गेले. पेटीच्या कुलपावर विसंबून पाण्यात, विहिरीत, पाइपाजवळ जाऊ नका, आधी मेन स्विच पाडा. काही जणांनी बरं म्हणून ठेवून दिला. ताडकळसच्या एकाने विचारलं, “मंग पेटी कशाला दिली आमाला?” दोघांचे फोन लागले नाहीत, त्यांच्या गावातल्या दुकानदारांचे नंबर मामांनी मिळवून दिले. प्रत्येक फोन वाजत असताना मला वाटायचं, आता पलीकडून कुणीतरी रडत उचलेल.

पालमच्या त्या तक्रारवाल्याला मी शेवटी फोन केला.

“म्हंजी मी म्हणत होतो ते खरं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“तुमी लिहिलं होतं, चूक आढळली न्हाई.”

“हो. माझं चुकलं.”

“त्या टायमाला माझी बायको पाइपाच्या तोंडाला गोणपाट बांधायली होती. पाइपाचा झटका बसून पडली. दंडाला मुका मार लागला. आठ दिवस हात हलत नव्हता.”

तक्रारीत ते लिहिलेलं नव्हतं. किंवा त्याने सांगितलं असेल आणि लिहून घेणाऱ्याने सोडलं असेल.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मेसेजचा पत्ता ठेवायचा नाही. त्यातला आकडा स्वतःच्या जागेत उतरवून घ्यायचा, आणि ती जागा कधी सोडायची नाही. तिसरी ओळ मी आपणहून घातली: आकडा ओळखीचा नसेल तर कुलूप आहे असं समजायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लिहून झालं, पण मी ते पेटीत भरायला धजेना. एकाच पानावरच्या त्या ओळी मी बोट ठेवून वाचत होते. दिवाळीआधीची ती एक ओळही मला अशीच बरोबर वाटली होती. आईने ताट वाढून आणलं, तेव्हा मी तिला विचारलं, “तुझं सिम अजून काही दिवस ठेवू का?” ती म्हणाली ठेव. त्यावर येईल ती प्रत्येक जाहिरात मी येऊ दिली आणि तांबड्या दिव्याकडं बघत बसले.

मालकांना फोनांबद्दल शनिवारी कळलं. ते खूप बोलले. त्यांच्या बोलण्यात माझ्यासाठी एक शब्दही चांगला नव्हता. शेवटी विचारलं, “कुणाला काही झालं तर नाही ना?” मी पालमचं सांगितलं. त्यावर त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, “सगळ्यांकडं जाऊन नवीन प्रोग्राम भरून ये. गाडीभाडं लाव.” नोकरी राहिली.

पुढचे पंधरा दिवस मी लॅपटॉप पाठीला लावून एसटीने फिरले. पालमला गेले तेव्हा तो शेतकरी स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. शेतात मी पेटीत नवीन प्रोग्राम भरला, कुलूप टाकलं, तांबडा दिवा लागला. त्याची बायको बांधावर उभी राहून बघत होती. लाईट होती.

“झालं का?” त्याने विचारलं.

“झालं.”

“मंग त्या पाइपाला आता तुमी हात लावून उभं ऱ्हावा. मी मेसेज पाठवतो.”

मी पाइपाकडं बघितलं. खाली चिखल होता, पाणी साचलेलं होतं. प्रोग्राम मी शंभर वेळा तपासला होता. तो बरोबर होता, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्याने हात उचलवेना.

“नाही लावणार,” मी म्हणाले. “आणि तुम्हीही लावू नका. हे बरोबर केलंय, पण तरी नका लावू. हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा. कायम.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा पेटी काढून माझ्या हातात देईल. त्याने खोलीत जाऊन मेन स्विच पाडला, वर केला, परत पाडला, जड चालतो का ते बघत असल्यासारखा. मग म्हणाला, “तेल सोडावं लागंल ह्याला.”

त्याची बायको जवळ आली. उजव्या हाताने डावा दंड धरायची तिला सवय लागलेली दिसत होती.

“तुमाला भ्या वाटत न्हाई का, असलं काम करायला?” तिने विचारलं.

“वाटतं,” मी म्हणाले. “आता लय वाटतं.”

“पेटी ऱ्हाऊ द्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “लांबून चालू-बंद करायला बरी हाय.” मग मला म्हणाली, “च्या ठेवते. तुमची एसटी तीनला हाय.”